गुडघ्याचे दुखणे आणि मांडीचे बळ

ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा झिजलेला डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलण्यात आला आणि जून २००१ मध्ये उजवा. त्या दिवसांत देशभर राजकारणाच्या जोडीने गुडघ्यांचीही चर्चा चालली होती. माणसाचा गुडघा बदलता येतो ही गोष्ट अनेक मध्यमवर्गीय घरांना तेव्हाच प्रथम नीट उमगली. ही शस्त्रक्रिया करण्यासाठी न्यूयॉर्कहून आलेले डॉ. चित्तरंजन राणावत हे काही परके नव्हते. ते मूळचे मध्य प्रदेशचे आणि इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. न्यूयॉर्कच्या ‘हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी’ या संस्थेत डॉ. जॉन इन्सॉल आणि पीटर वॉकर यांच्या समवेत त्यांनी जो कृत्रिम गुडघा सिद्ध केला, तो १९७४ पासून रुग्णांच्या पायांत बसवला जाऊ लागला. पुढे जगभर रूढ झालेल्या कृत्रिम गुडघ्यांच्या घडणीवर त्याचा ठसा उमटलेला आहे. भारत सरकारने २००१ मध्ये राणावतांना पद्मभूषण देऊन गौरविले ते योग्यच झाले.

इंदूरला या गोष्टीचा अभिमान वाटावा हे स्वाभाविक आहे, आणि त्या अभिमानात मराठी माणसाचाही वाटा आहे. होळकरांची ही राजधानी पिढ्यान् पिढ्या मराठी कुटुंबांचे घर राहिली आहे. १८७८ पासून तेथे वैद्यक शिकविले जात होते. त्याच परंपरेतून १९४८ मध्ये आजचे महाविद्यालय उभे राहिले. आमच्या पणजीत तर त्याहूनही आधी, १८४२ मध्ये, ‘एस्कोला मेदिका’ सुरू झाली आणि तिचाच वारसा आज बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय चालवीत आहे. तेव्हा वैद्यकाच्या प्रगतीचे कौतुक आम्हांला शिकवावे लागत नाही. परंतु वाजपेयींच्या शस्त्रक्रियेतून आपल्या समाजाने जो धडा घेतला तो अर्धाच घेतला असे आमचे स्पष्ट मत आहे. गुडघा झिजला तर तो बदलता येतो, हा अर्धा धडा आपण पाठ केला. त्या गुडघ्याला सावरून धरणारे मांडीचे स्नायू बळकट असतील तर पुष्कळ जणांचे दुखणे आटोक्यात राहते, अनेकांची शस्त्रक्रिया लांबणीवर पडते आणि शस्त्रक्रिया झालीच तर तिचे चीजही त्या स्नायूंच्याच जोरावर होते, हा उरलेला धडा मात्र कोणी मनावर घेतला नाही.

प्रश्न थोडक्या लोकांचा असता तर त्यावर अग्रलेखाची जागा खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु देशातील पाच ठिकाणी सुमारे पाच हजार लोकांची तपासणी करून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गुडघ्याच्या झिजेचे, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ऑस्टिओआर्थ्रायटिसचे, प्रमाण २८.७ टक्के आढळले. हा रोग वयाबरोबर वाढतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना, विशेषतः पाळी गेल्यानंतर, अधिक गाठतो. शहरी आणि सुखवस्तू लोकांचेच हे दुखणे आहे, अशी कोणाची समजूत असेल तर तीही चुकीची आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर फिरून जी पाहणी केली, तिच्यात हाडासांध्यांची दुखणी ही ग्रामीण माणसाची एक प्रमुख व्यथा असल्याचे दिसून आले. गोव्याच्या दृष्टीने तर या प्रश्नाला अधिकच धार आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढच्या लोकांचे प्रमाण ८.६ टक्के होते. गोव्यात ते ११.२ टक्के होते. या बाबतीत केरळाच्या खालोखाल आमचाच क्रमांक लागतो. मुले मुंबईला, आखाती देशांत किंवा त्याहून दूर गेलेली आणि मोठ्या घरात दोनच म्हातारी माणसे उरलेली, हे चित्र आमच्या वाड्यावाड्यांवर दिसते. अशा घरात गुडघा जायबंदी झाला की विहिरीचे पाणी, परसातले तुळशीवृंदावन, देवळाची पायरी आणि शेजारचे दार, सारेच एकदम दूर जाते.

गुडघ्याचे कार्य कसे चालते हे थोडे समजून घेतले पाहिजे. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे भेटतात तेथे दोन्ही टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. वय, वजन, जुनी इजा, वाकडी ठेवण आणि आनुवंशिकता अशा अनेक कारणांनी हा थर विरत जातो, कडांना हाडाची कंगोरी फुटते, सांध्याचे आवरण सुजते आणि गुडघा दुखू लागतो. हे सर्वांना ठाऊक असते, कारण क्ष-किरणांच्या छायाचित्रात ते दिसते आणि डॉक्टर बोट ठेवून दाखवितात. पण त्या छायाचित्रात जे दिसत नाही ते कोणी पाहत नाही. मांडीच्या पुढच्या बाजूस चार मुखांचा एक भरभक्कम स्नायू असतो. त्याला क्वाड्रिसेप्स म्हणतात. चारही मुखे खाली एकत्र येऊन गुडघ्याच्या वाटीला धरतात आणि वाटीच्या मार्गे नडगीला जोडली जातात. बसलेला माणूस उठतो तो या स्नायूच्या जोरावर. जिना चढताना हाच शरीर वर उचलतो आणि उतरताना शरीराचा भार एकदम कोसळू न देता हळूहळू सोडतो. पाऊल टेकताच जो धक्का बसतो, त्यातला मोठा वाटा हाच झेलतो. हा स्नायू दुबळा झाला की तो धक्का सरळ सांध्यावर जातो. उतरणीवर गुडघा ‘सुटल्यासारखा’ वाटतो, असे जी म्हातारी माणसे सांगतात, त्यांची तक्रार बहुधा या स्नायूची असते.

येथे एक दुष्टचक्र सुरू होते. गुडघा दुखतो म्हणून माणूस चालणे-चढणे टाळतो. टाळल्यामुळे मांडी सुकते. मांडी सुकली की गुडघ्यावरचा ताण वाढतो आणि तो अधिकच दुखतो. एवढ्यावरही भागत नाही. सांध्याला सूज आली की तिथल्या मज्जातंतूंच्या संदेशांमुळे मांडीच्या स्नायूला पूर्ण जोर लावताच येत नाही. रोगी मनापासून प्रयत्न करतो, पण स्नायूचा काही भाग जणू झोपलेलाच राहतो. म्हणून ‘आळशीपणा करतोस’ असे म्हणून वृद्धाला दोष देणे अन्यायाचे आहे. आधी सूज उतरवावी लागते आणि मग झोपलेल्या स्नायूला धीराने जागे करावे लागते. अमेरिकेतील इंडियाना येथील संशोधकांनी १९९७ साली पासष्टीपुढच्या माणसांची तपासणी करून आणखी एक गोष्ट दाखवून दिली. छायाचित्रात झीज दिसते पण गुडघा मुळीच दुखत नाही, अशा माणसांतही मांडीचा जोर कमी आढळला. म्हणजे दुबळेपणा हा केवळ दुखण्याचा परिणाम नसून तो रोगाचा सोबती, कदाचित वाट मोकळी करून देणाराही असू शकतो. त्यांनीच १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुढील अभ्यासात ज्या स्त्रियांना नंतर हा रोग जडला, त्यांचा मांडीचा जोर आधीपासूनच इतरांपेक्षा कमी असल्याचे दिसले.

गेलेला जोर म्हातारपणी परत मिळतो काय, असा प्रश्न वाचक साहजिकच विचारतील. त्याचे उत्तर होकारार्थी आहे, आणि ते केवळ दिलासा देण्यासाठी आम्ही सांगत नाही. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातील सरासरी नव्वद वर्षे वयाच्या दहा दुर्बल व्यक्तींना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा भारव्यायाम देण्यात आला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांचा जोर सरासरी १७४ टक्क्यांनी वाढला आणि मांडीच्या मधल्या भागातील स्नायूंचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढले. नव्वदीत जे घडते ते सत्तरीत का घडू नये? खुद्द गुडघ्याच्या रोग्यांवरचा प्रयोगही आहे. साठीपुढच्या ४३९ रोग्यांना १९९७ च्या एका अमेरिकन प्रयोगात तीन गटांत विभागून एका गटाला चालण्याचा व्यायाम, दुसऱ्याला भारव्यायाम आणि तिसऱ्याला केवळ आरोग्यविषयक माहिती देण्यात आली. दीड वर्षाने पाहता दोन्ही व्यायामगटांतील लोकांचे दुखणे आणि पंगुत्व माहितीगटापेक्षा कमी होते. वस्तुतः यातील मूळ कल्पना जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकन लष्करी रुग्णालयात डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या दुबळ्या झालेल्या मांड्यांना क्रमाक्रमाने वाढती वजने उचलायला लावली आणि १९४५ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. गुडघा दुखतो तर पडून राहा, हा सल्ला तेव्हापासूनच जुना झाला आहे. आमच्याकडे मात्र तो अजून घरोघर दिला जातो.

तथापि व्यायाम म्हणजे जादू आहे असे सांगून आम्ही कोणाची दिशाभूल करू इच्छित नाही. विरलेली कूर्चा मांडीच्या व्यायामाने पुन्हा उगवत नाही. दुखण्यात पडणारा फरक बहुतेकांच्या बाबतीत मध्यम असतो. तो काही आठवड्यांनी जाणवू लागतो आणि व्यायाम सोडला की ओसरतो. शिवाय जोर जितका अधिक तितका लाभ अधिक, असे सरळ गणितही येथे नाही. अमेरिकेत ३७७ रोग्यांवर दीड वर्ष चाललेला एक प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जड वजनांनी कसून व्यायाम करणाऱ्यांचे दुखणे हलका व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाले असे दिसले नाही. ज्यांचे पाय बाहेरच्या बाजूला धनुष्याप्रमाणे वाकले आहेत किंवा ज्यांचा सांधा सैल झाला आहे, त्यांच्या बाबतीत तर नुसता जोर वाढविण्याने झीज थांबेलच अशी खात्री देता येत नाही, असा इशारा २००३ च्या एका अभ्यासाने दिला होता. या सर्वांचा अर्थ इतकाच की, व्यायाम बेताचा, नियमित आणि जाणकाराने पाय पाहून सांगितलेला असावा. वजनाकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. शरीराचे वजन एक किलोने उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, असे २००५ मध्ये मोजून दाखविण्यात आले आहे. आहार बेताचा ठेवून व्यायाम करणाऱ्यांना यातील केवळ एकच गोष्ट करणाऱ्यांपेक्षा अधिक आराम पडतो.

पुन्हा इंदूरकडे वळायचे तर त्या शहराने मांडीच्या बळाचे एक थोर उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर ठेवले आहे. कर्नल सी. के. नायडू होळकरांच्या आश्रयाने इंदुरात स्थिरावले, त्यांच्या नायकत्वाखाली होळकर संघाने रणजी करंडक गाजविला, आणि १९६७ मध्ये इंदुरातच त्यांचे निधन झाले. १८९५ साली जन्मलेला हा पुरुष १९५६-५७ च्या हंगामात, म्हणजे साठी उलटल्यावर, रणजी सामन्यात खेळत होता. ज्या वयात इतर लोक पायरी चढताना कठड्याला धरतात, त्या वयात ते वेगवान गोलंदाजी खेळण्यासाठी गुडघा वाकवून उभे राहत. कडक शिस्तीने राखलेल्या शरीराचे हे फळ होते. नायडूंसारखे सगळेच होऊ शकत नाहीत, आणि व्हावे असेही नाही. त्याच शहराच्या आखाड्यांतून, तसेच आपल्या गावोगावच्या तालमींतून, शेकडो बैठका मारण्याची परंपरा चालत आली. बैठक हा मांडीच्या स्नायूंचा उत्तमोत्तम व्यायाम आहे यात शंका नाही. पण झिजलेल्या गुडघ्याने सत्तरीत खोल बैठका मारणे म्हणजे आगीशी खेळ होय. आखाड्यातून वृद्धांनी घ्यायचे ते तत्त्व घ्यावे, आकडा घेऊ नये. स्नायू वापरला तर टिकतो, रोज वापरावा लागतो, आणि गुरूच्या नजरेखाली वापरला तर इजा होत नाही, एवढे ते तत्त्व आहे.

शस्त्रक्रियेविषयी गैरसमज होऊ नये म्हणून तेही स्पष्ट केले पाहिजे. ज्याचा गुडघा पुरता झिजला आहे, ज्याला रात्री झोप येत नाही आणि औषध-व्यायाम करूनही जो घराबाहेर पडू शकत नाही, त्याला गुडघाबदल हे वरदान आहे. त्याने भीतीपोटी ते टाळू नये. डेन्मार्कमध्ये शंभर रोग्यांवर केलेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना शस्त्रक्रिया आणि त्यानंतर व्यायामादी उपचार, तर उरलेल्यांना केवळ व्यायाम, आहार, शिक्षण, बुटातील आधार आणि लागेल तेव्हा वेदनाशामके, असे उपचार देण्यात आले. वर्षाअखेर शस्त्रक्रिया झालेल्यांना अधिक आराम होता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण त्यांच्यात गंभीर उपद्रवही अधिक झाले, आणि दुसऱ्या गटातील पन्नासांपैकी केवळ तेरा जणांनाच त्या वर्षात शस्त्रक्रियेची गरज भासली. बाकीचे सदतीस शस्त्रक्रियेवाचून निभावले. याउलट, दुर्बीण घालून गुडघा ‘धुऊन’ घेण्याची जी पद्धत एके काळी फार बोकाळली होती, ती झिजेच्या रोग्यांत नुसत्या खोट्या शस्त्रक्रियेपेक्षा सरस नाही, हे अमेरिकेत २००२ मध्येच सिद्ध झाले. आणखी एक गोष्ट रोग्यांना क्वचितच सांगितली जाते. गुडघा बदलल्यावर पहिल्या महिन्यात मांडीचा जोर निम्म्याहून अधिक घटलेला असतो. नवा गुडघा धातूचा असला तरी त्याला हलविणारा स्नायू जुनाच आहे. आधी कमावलेला जोर आणि नंतरचा चिकाटीचा व्यायाम यांवाचून तो लाखाचा गुडघा पलंगावर पडून राहतो. राणावतांच्या कौशल्याला रोग्याने द्यावयाची साथ ती हीच.

आता आपल्या घरांकडे पाहू. आपल्या संस्कृतीत वडीलधाऱ्यांना मान आहे, आणि तो असावा. पण या मानाचे रूप कित्येकदा त्यांच्या पायांच्या मुळावर येते. “आई, तू उठू नकोस, मी आणते”, “आजोबा, तुम्ही बसा” असे दिवसातून वीस वेळा ऐकणाऱ्या माणसाचे वीस वेळा उठणे-बसणे बुडते. प्रेमाने दिलेला हा आराम हळूहळू खुर्चीचा तुरुंग बनतो. दुसरीकडे, ज्या पिढीतल्या बायकांनी जन्मभर आदोळीवर बसून नारळ खवले, वायंगणात वाकून लावणी केली, डोक्यावर घागर घेऊन घाटी चढली आणि चवथीला फुगड्या घातल्या, त्यांच्या मांड्यांना व्यायामशाळेची गरज नव्हती. अर्थात जुने ते सारे सोने असेही नव्हे. तासन् तास उकिडवे बसण्याने गुडघ्याची झीज वाढते, असे बीजिंगमधील वृद्धांच्या पाहणीत आढळले आहे, आणि जमिनीवर बसण्याचा हट्ट धरून गुडघा सुजवून घेण्यात धर्म नाही. उंच पाटावर किंवा खुर्चीवर बसून केलेली पूजा देव नाकारीत नाही. पण ओटा, मिक्सर आणि स्कूटर यांनी कष्ट नेले, त्याबरोबर मांडीचे बळही नेले, आणि त्याची भरपाई करण्याची सोय आपण केलेली नाही. मग ती उणीव भरून काढण्यासाठी तेले, मलमे, पट्टे आणि वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींतील गोळ्या येतात. तेलाने चोळल्यावर बरे वाटते हे खरे. पण चोळणाऱ्याचे हात बळकट होतात, ज्याचा पाय चोळला त्याची मांडी नव्हे. अनेकांच्या घरी असलेल्या ग्लुकोसामीनच्या गोळ्या या रोगात देऊ नयेत आणि व्यायाम हाच उपचाराचा गाभा मानावा, असे ब्रिटनच्या आरोग्यसेवेसाठीच्या २०२२ च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले आहे.

करावयाचे काय, ते कठीण नाही. पक्क्या खुर्चीवर बसून एक पाय गुडघ्यात सरळ करावा, मनातल्या मनात पाच अंक मोजेपर्यंत तसाच ठेवावा आणि हळूहळू खाली आणावा. पाठीवर झोपून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबावी. एक गुडघा वाकवून दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठावे आणि धपकन न बसता सावकाश बसावे. दहा-दहा वेळा, आठवड्यातून निदान तीन दिवस, श्वास न कोंडता आणि व्यायामानंतर दुखणे दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळणार नाही इतपतच करावे. हृदयविकार, रक्तदाब किंवा नुकतीच झालेली इजा असेल तर डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा. गुडघा लालबुंद होऊन तापला असेल किंवा अचानक अडकून बसत असेल तर व्यायाम बाजूला ठेवून प्रथम डॉक्टर गाठावा. आपला जोर किती हे पाहण्याचीही सोपी कसोटी आहे. हात छातीवर घडी करून तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला बारा वेळा आणि स्त्रीला दहा वेळा उभे राहता आले नाही तर जोर कमी आहे असे समजावे. या कसोटीला घड्याळ आणि खुर्ची यांपलीकडे काही लागत नाही. मात्र जवळ कोणी तरी उभे असावे.

जे इतके स्वस्त आणि सोपे आहे ते लोकांपर्यंत का पोचत नाही, याचे उत्तर पैशाच्या वाटेने शोधावे लागते. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरविली. त्या निर्णयाने सामान्य रोग्याची लूट थांबली आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले. हेही चांगलेच झाले. परंतु ही योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्या रोग्यासाठी आहे. गुडघा बदलायचा तर सरकार पैसे देते. गुडघा बदलावा लागू नये म्हणून तीन महिने फिजिओथेरपिस्टकडे जाणाऱ्या म्हातारीला मात्र आपल्या पदरचे भाडे आणि आपल्या पदरची फी मोजावी लागते. बांध फुटल्यावर दगडमातीला पैसे द्यायचे आणि फुटण्यापूर्वी मानशीच्या दुरुस्तीला द्यायचे नाहीत, अशातला हा प्रकार आहे. खाजन शेती सांभाळणाऱ्या आमच्या लोकांना त्यातली चूक अधिक समजावून सांगायला नको.

कागदावर तरतूद नाही असे नव्हे. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला, तेव्हाच त्याच्या आराखड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांची स्वतंत्र तपासणी आणि सामुदायिक आरोग्य केंद्रात पुनर्वसन कर्मचारी यांची योजना होती. फिजिओथेरपीसारख्या व्यवसायांना मान्यता आणि शिस्त देणारा कायदा संसदेने २०२१ मध्ये केला. आता प्रश्न उरतो तो अंमलबजावणीचा. आमची मागणी अशी की, ज्येष्ठांच्या त्या साप्ताहिक तपासणीच्या दिवशी प्रत्येक आरोग्य केंद्रात फिजिओथेरपिस्ट हजर असावा; त्याने गुडघा पाहावा, व्यायाम शिकवावा आणि महिन्याने पुन्हा बोलावून जोर मोजावा. गुडघाबदलासाठी नाव नोंदविलेल्या प्रत्येक रोग्याला शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर हा व्यायाम सरकारी खर्चाने मिळावा. आणि ज्यांना चालत केंद्रावर येता येत नाही त्यांच्या घरी आरोग्यसेविकेने जावे. गोवा लहान राज्य आहे, रस्ते बरे आहेत, आरोग्य केंद्रे जवळ आहेत. हे काम येथे होऊ शकले नाही तर देशात कोठे होणार?

सगळे सरकारवर टाकून मोकळे होणेही बरे नव्हे. आमची देवस्थाने शतकानुशतके समाजाची कामे करीत आली आहेत. त्यांच्या अग्रशाळा आणि सभामंडप उत्सवाचे दिवस सोडले तर रिकामे असतात. आठवड्यातून दोन सकाळी तेथे पंचवीस खुर्च्या मांडून एखाद्या जाणकाराच्या देखरेखीखाली वृद्धांचा मांडीचा व्यायाम घेतला, तर त्यात देवस्थानचा पैसा फारसा खर्च होणार नाही आणि पुण्य मात्र पुष्कळ पदरी पडेल. महिला मंडळांनी, ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि क्रीडा मंडळांनी यात पुढाकार घ्यावा. एकट्याने घरी केलेला व्यायाम चार दिवसांत सुटतो. चार जणांसमवेत केलेला टिकतो. भजनाला जशी संगत लागते तशीच व्यायामालाही लागते.

देवीच्या पायऱ्या चढणे, पालखीबरोबर चार पावले चालणे, नातवाला बोट धरून शाळेपर्यंत पोचविणे, रात्री कोणाला न उठविता न्हाणीघरापर्यंत जाणे, या गोष्टी बाहेरून क्षुल्लक दिसतात. ज्याला त्या करता येत नाहीत त्याला विचारावे म्हणजे त्यांचे मोल कळेल. म्हातारपण सर्वांना येणार आहे आणि गुडघे थोडेफार झिजणारच आहेत. पण म्हणून हातपाय गाळून बसण्याचे कारण नाही. साठीच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी तर तहान लागण्यापूर्वीच विहीर खणायला घ्यावी. आमदारांनी येत्या अधिवेशनात आपल्या मतदारसंघातील किती आरोग्य केंद्रांत फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून किती दिवस बसतो, एवढा एकच प्रश्न विचारावा. आणि घरच्या कर्त्या माणसांनी पाण्याचा तांब्या आजीच्या हातात नेऊन देण्याऐवजी, तिच्या शेजारी उभे राहून तिला स्वतः उठून तो घेऊ द्यावा.